संरक्षणासाठी सरकारने कर्ज काढणं योग्य आहे का?

देशाच्या संरक्षणासाठी सरकारने कर्ज काढावं, की व्याज वाढतंय म्हणून संरक्षणाचाच खर्च आवरावा, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात होतो. सरकार कर्ज काढतं ते रोखे विकून. रिझर्व्ह बँक साधारण दर शुक्रवारी केंद्र सरकारच्या रोख्यांचा लिलाव करते, त्यात बोली लावणं हे माझं काम. रोख्यावर व्याजदर असतो, परतफेडीचं वर्ष असतं. हा पैसा रणगाड्याला जाणार की खताच्या अनुदानाला, हे कुठेही लिहिलेलं नसतं. सगळं एकाच तिजोरीत पडतं. त्यामुळे संरक्षणासाठीचं कर्ज आज वेगळं काढून दाखवता येत नाही.

पूर्वी येत असे. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी सरकारने लोकांकडून सोनं घेऊन साडेसहा टक्के व्याजाचे सुवर्णरोखे दिले, बारा वर्षांची संरक्षण प्रमाणपत्रं काढली. 1965 ला पुन्हा राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे आले, 1980 ला परतफेड होणारे. आपण कशासाठी देतोय हे देणाऱ्याला ठाऊक होतं. तरीही नुसत्या कर्जावर भागलं नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, आणि लगेच पुढच्या, 1963 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी कर भरपूर वाढवले, सक्तीची ठेव योजनाही आणली. लोकांना ती फार जड गेली. पण युद्धाचं बिल त्याच पिढीसमोर उघडपणे ठेवलं गेलं, आणि मला ते आजही योग्य वाटतं.

आता 2025-26 च्या अर्थसंकल्पातले आकडे बघा. संरक्षणाला सुमारे 6.81 लाख कोटी रुपये. व्याजापोटी 12.76 लाख कोटी, म्हणजे संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट. वर्षाची तूट 15.69 लाख कोटी, ती कर्जानेच भरायची. या नव्या कर्जातून व्याजाएवढी रक्कम बाजूला काढली तर उरतात जेमतेम 2.93 लाख कोटी. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा खरंच धसका घेतला होता.

पण म्हणून फौजेचा खर्च कापा, हे मला पटत नाही. 6.81 लाख कोटींत विमानं, जहाजं, तोफा अशा भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटीच आहेत. निवृत्तिवेतनाला जवळपास 1.61 लाख कोटी, आणि उरलेल्यात पगार, रेशन, इंधन, दुरुस्ती, दारूगोळा. युद्धनौका तीस वर्षं समुद्रात राहते, तिची किंमत तीस वर्षांतल्या करदात्यांनी वाटून घेतली तर त्यात गैर काही नाही. आपणही घर कर्ज काढूनच घेतो. किराणा मात्र कर्जावर भरायचा नसतो. निवृत्त जवानाची पेन्शन हा त्याचा हक्क आहे, त्यात एक पैसाही कमी होता कामा नये, आणि म्हणूनच ती चालू वर्षाच्या करातून दिली गेली पाहिजे. महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज, 2025-26 साठी 5.24 लाख कोटी धरली होती. मला काळजी वाटते ती या आकड्याची. विमानांसाठी काढलेल्या कर्जाची नाही.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शस्त्रखरेदीला करार, चाचण्या, पुरवठा असं करत वर्षानुवर्षं लागतात, पण अर्थसंकल्पातली तरतूद 31 मार्चला संपते. न वापरलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून मागणी. केंद्र आणि राज्यांत करांची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने यावर उपाय सुचवला होता: 2021 ते 2026 साठी सुमारे 2.38 लाख कोटींचा, वर्षअखेरीला न बुडणारा संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा आधुनिकीकरण निधी. केंद्राने तो तत्त्वतः मान्यही केला. असा निधी खरोखर उभा राहिला, तर त्यात येणारा पैसा कशाला लागला हे तुम्हाआम्हाला 1962 सारखं पुन्हा बघता येईल.