कॉल ऑफ म्हणजे फोन बंद नव्हे

प्रश्न : ताई, मी पवईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमची टीम माद्रिदच्या ऑफिसबरोबर रोज दुपारी कॉलवर असते. तिथले सहकारी इंग्रजी मेल व्यवस्थित लिहितात, पण आमचं बोलणं त्यांना अर्धवट कळतं. परवा ‘द डेमो इज कॉल्ड ऑफ’ असं मी सांगूनही दोघं जण ठरल्या वेळी डेमोसाठी हजर! आता त्यांच्यासाठी फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ‘कॉल ऑफ’सारखी क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारी जी रूपं असतात त्यांची, यादी करायला मॅनेजरनी सांगितलंय. त्यात काय काय घालू?
– एक वाचक, पवई

उत्तर : यादी जरूर करा, पण शंभराची नको. ती कोणी वाचत नाही.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू. स्पॅनिश ही लॅटिनची लेक. पुढे ढकलणं म्हणजे ‘पोस्पोनेर’, सहन करणं ‘तोलेरार’, रद्द करणं माद्रिदकडच्या उच्चारात ‘कान्थेलार’. इंग्रजीनंही हे शब्द लॅटिन-फ्रेंचकडूनच उचलले, म्हणून पोस्टपोन, टॉलरेट, कॅन्सल हे त्यांना न शिकवता कळतात. पुट ऑफ, पुट अप विथ, कॉल ऑफ यांचं तसं नाही. कॉल माहीत, ऑफ माहीत, पण दोन्ही मिळून डेमो रद्द झाला हे कुठून उमगणार? आपण ‘चूक करून बसला’ म्हणतो तेव्हा कोणी खाली बसलेलं नसतं, हे मराठी शिकणाऱ्याला सांगावंच लागतं ना, तसंच आहे हे.

तेव्हा गेल्या महिन्याभरातले मेल आणि मीटिंगच्या नोंदी काढा आणि त्यात वारंवार येतात तेवढीच घ्या. बहुतेक कॉल ऑफ, पुट ऑफ, लुक इन्टू, सेट अप, फॉलो अप, रन आउट ऑफ, टर्न डाउन आणि कॅरी आउट एवढी निघतील. प्रत्येकापुढे स्पॅनिश क्रियापद आणि तुमच्याच कामातलं एक वाक्य लिहा. ‘कॅरी आउट’पुढे ‘रेआलिथार’ (पार पाडणं) येईल, आणि तिथे जरा थांबा. या शब्दामुळे स्पॅनिश भाषक इंग्रजीत ‘आय रिअलाइझ्ड द टेस्ट’ म्हणून जातात. त्यांना टेस्ट केली असं म्हणायचं असतं, लक्षात आली असं नव्हे.

आणि एक आग्रहानं सांगते : निम्मं काम तुमच्या टीमचं आहे. कॉलवर ‘द डेमो इज कॉल्ड ऑफ, इट इज कॅन्सल्ड’ असं एका दमात दोन्ही म्हणा. त्यांना कळतंही आणि कानावर पडून पडून रुळतंही. आपली खास मुंबई ऑफिसची इंग्रजी मात्र त्यांच्यापुढे टाळा. ‘प्लीज रिव्हर्ट’ आपल्याला ‘उत्तर द्या’ असं वाटतं. त्यांच्याकडे ‘रेबेर्तिर’ म्हणजे पूर्वस्थितीला नेणं, आणि तुमच्या धंद्यात तर रिव्हर्ट म्हणजे कोडमधला बदल मागे घेणं! सरळ ‘रिप्लाय’ लिहा. तसंच ‘आय पास्ड आउट इन 2016’ हे आपल्याकडे पदवीचं साल, बाहेर मात्र त्या वर्षी बेशुद्ध पडल्याची बातमी. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

प्रश्न : आमच्या परळच्या ऑफिसात मेक्सिकोहून आलेला एक सहकारी फॉर्मबद्दल ‘आय विल फिल इन इट’ असं लिहितो. चुकतंय हे कळतं, पण कारण सांगता येत नाही.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ‘फिल इन द फॉर्म’ आणि ‘फिल द फॉर्म इन’ दोन्ही चालतात. पण फॉर्मच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं : ‘फिल इट इन’. स्पॅनिशमध्ये ‘तो भरणं’ हे ‘रेयेनार्लो’ असं एकाच शब्दात होतं आणि ‘तो’ दर्शवणारा ‘लो’ अगदी शेवटी चिकटतो, त्यामुळे त्यानं ‘इट’ शेवटी नेणं साहजिक आहे. ‘लुक इन्टू इट’मध्ये मात्र ‘इट’ शेवटीच येतं. फरक कानानं पकडायला सांगा : ‘फिल इट इन’मध्ये जोर ‘इन’वर पडतो, ‘लुक इन्टू इट’मध्ये ‘लुक’वर. दोन्ही त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, लिहून देऊ नका.