निवासी झोनमध्ये खाली दुकानं, वर फ्लॅट: हे चालतं का?

शेजारच्या प्लॉटवर खाली दुकानं आणि वर फ्लॅट अशी इमारत उठतेय, निवासी झोनमध्ये हे चालतं का आणि थांबवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. 2020 पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला जी युडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, ती निवासी झोनमध्ये किराणा, दवाखाना असे वापर चालू देते. कोणते आणि किती, हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं.

आणि दुकानांनाच सरसकट विरोध करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी पुण्याच्या पेठेत वाढलो. खाली वाणी आणि शिंपी, वर बिऱ्हाडं. रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर उजेड आणि ओळखीची माणसं असायची, आजी एकटी औषध आणायला जायची. उपनगरांत नुसती घरंच उभी राहिली, तिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढावी लागते आणि मग ट्रॅफिक वाढला म्हणून आपणच ओरडतो.

भांडायचं ते रस्ता आणि पार्किंग यांवर. शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता रुंद असतो, पण भूसंपादन न झाल्याने जागेवर त्याच्या निम्माच असतो, हे अनेकदा दिसतं. म्हणून महापालिकेतून भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या भागाचा तुकडा) आणि झोन दाखला (प्लॉट कोणत्या झोनमध्ये आहे ते सांगणारा) घ्या, टेप लावून रस्ता मोजा. मंजूर नकाशात पार्किंग कुठे दाखवलंय तेही बघा. भोगवटा पत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळाल्यावर त्याच पार्किंगला शटर लागलं, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली बेकायदा बांधकाम हटवायची नोटीस काढा, अशी महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते.

शहर वाढताना घरं कुठे, दुकानं कुठे याचा विचार होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. होतो, पण उशिरा. याच कायद्यानुसार विकास आराखडा 20 वर्षांतून एकदा तरी सुधारायला हवा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 1987 चा, त्यानंतरचा मंजूर झाला 2017 मध्ये! मधल्या काळात जिथे जागा मिळाली तिथे दुकानं निघाली.

म्हणून प्रारूप (म्हणजे कच्चा) आराखडा जाहीर झाला की हरकत नक्की नोंदवा. छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा सर्व्हे नंबर, भाग नकाशा आणि रस्त्याचे फोटो जोडलेलं एक पत्र सुनावणीत जास्त उपयोगी पडतं. ही सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात, त्यांच्यासमोर मुद्दा नकाशावर बोट ठेवून मांडा.

शहर कोणतं आणि समोरचा रस्ता किती मीटरचा, ते कळवलंत तर नेमकं सांगता येईल.