भारतीय फुटबॉल संघाच्या इतिहासातला सर्वात मोठा खेळाडू कोण? छेत्रीच ना?

तुमचा प्रश्न असा आहे की सुनील छेत्रीचे गोल बघता हा वाद कधीच संपायला हवा होता, मग जुने लोक अजून साठच्या दशकातले पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी का करत बसतात. नुसतं जुनं ते सोनं म्हणून का?

आधी उत्तर देतो. माझ्या लेखी पहिला जर्नेल सिंग, दुसरा छेत्री. पहिलं नाव वाचून बऱ्याच जणांनी ‘हे कोण?’ म्हटलं असेल. वादाची खरी गोम तिथेच आहे.

आमच्याकडे हा वाद रविवारी सकाळी बाणेरच्या टर्फवर खेळून झाल्यावर मिसळीच्या टेबलावर होतो. पंचविशीतली पोरं छेत्रीच्या बाजूने, चाळिशीतले आम्ही निम्मे बायचुंग भुतियाचे आणि निम्मे आय. एम. विजयनचे, दोघेही छेत्रीच्या आधीचे फॉरवर्ड. खडकीचे एक काका कधीमधी येऊन बसतात. ते तरुणपणी रोव्हर्स कप ही जुनी फुटबॉल स्पर्धा बघायला इथून मुंबईला कूपरेज मैदानावर जायचे आणि आमच्यापैकी कोणालाच काही कळत नाही यावर ते ठाम आहेत. शिवाय एक कोल्हापूरकर आहे. पुण्यातल्या माणसाने फुटबॉलवर बोलूच नये, असं त्याचं मत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असे तिथल्या तालमींच्या संघांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला तो अधिकार आहे, त्यामुळे आम्ही गप्प बसतो. पुण्याचे क्लब डोळ्यांदेखत आले आणि गेले, आम्ही कुठल्या तोंडाने बोलणार?

आता छेत्री. त्याची बाजू कच्ची नाही, हे आधी मान्य करू. जून 2005 मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना, त्यातच पहिला गोल. 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला तेव्हा 151 सामन्यांत 94 गोल. त्या घडीला खेळत असलेल्यांपैकी देशासाठी त्याच्याहून जास्त गोल फक्त रोनाल्डो आणि मेस्सीचे होते. पुढच्या मार्चमध्ये निवृत्तीतून परत आला, शिलाँगला मालदीवविरुद्ध आणखी एक मारला. आल्या आल्या गोल हवाच होता, कारण संघात दुसरा कोणी मारत नव्हता. त्याच्या कारकिर्दीतली मोठी शोकांतिका हीच म्हणा.

पुणेकरांना आठवण करून देतो, त्याच्या चार हॅट्ट्रिकपैकी एक आपल्या बालेवाडीची आहे. ऑक्टोबर 2010, व्हिएतनामविरुद्ध 3-1, तिन्ही गोल त्याचे. मी स्टँडमध्ये होतो. बसायला हवी तेवढी जागा होती, पाय पसरून बघितला सामना. लगेच काही दिवसांनी त्याच मैदानावर येमेनने आपल्याला 6-3 असं धुतलं. छेत्रीचा काळ समजून घ्यायला हे दोन निकाल पुरेसे आहेत. पुढे एक माणूस गोल करतोय आणि मागे दारं सताड उघडी.

2018 ला मुंबईत अंधेरीला त्याने चिनी तैपेईविरुद्ध हॅट्ट्रिक केली, ती बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मग त्याने व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्यायला तरी या म्हणाला. पुढचा सामना केनियाविरुद्ध, त्याचा शंभरावा. तिकिटं संपली, भर पावसात त्याने दोन गोल केले. स्वतःच्या संघाला प्रेक्षकही स्वतःच आणून द्यावे लागतील अशी पाळी किती कर्णधारांवर आली असेल? या गोष्टीचे त्याला माझ्याकडून जास्तीचे गुण.

मग पहिला का नाही? कारण मी गोल कोणाविरुद्ध आणि कुठल्या पायरीवर झाले ते बघतो. नेपाळ, मालदीव, बांगलादेश यांच्याविरुद्धचे गोलही गोलच असतात, ते काही उचलून आणलेले नसतात. पण त्याच्या काळात भारत आशिया चषकात 2011, 2019 आणि 2023 च्या स्पर्धेत उतरला आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत घरी आला. 2019 ला थायलंडला 4-1 हरवलं, त्यात छेत्रीचे दोन, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. पण पुढे अमिरातीकडून आणि बहरीनकडून हरलोच. यात दोष त्याचा नाही. फक्त ‘सर्वात मोठा’ म्हणताना एक गोष्ट डोळ्यांआड होते. या संघाने कधी काळी आशिया जिंकलाय. एकदा नाही, दोनदा.

1951 ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, इराणविरुद्ध 1-0, गोल मेवालालचा, कर्णधार शैलेन मन्ना. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवून उपांत्य फेरी. त्या सामन्यात हॅट्ट्रिक नेव्हिल डिसूझाची, गोव्याचा मुलगा, मुंबईत टाटांकडून खेळायचा. उपांत्य सामन्यातही युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला, मग चार खाल्ले. शेवटी चौथा क्रमांक. इथे आमचे काका फार ताणतात, ‘जगात चौथे होतो’ म्हणून. तसं नाही हो. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचं होतं, पश्चिम युरोपचे व्यावसायिक खेळाडू तिथे नव्हतेच, आणि आपला पहिला सामना हंगेरी न आल्यामुळे पुढे चाल मिळून सुटला होता. पण ज्यांच्याकडून हरलो ती युगोस्लाव्हिया लेचीपेची नव्हती, आणि ते सुवर्ण जिंकलेल्या सोव्हिएत संघाचा गोलकीपर लेव्ह याशिन होता. काकांचं निम्मं खरं धरा.

मग 1960 चं रोम ऑलिंपिक. कर्णधार पी. के. बॅनर्जी. हंगेरीकडून फक्त 2-1 ने हरलो, फ्रान्सशी 1-1 बरोबरी केली, तो गोल पी. केंचा. पेरूकडून हरलो आणि बाहेर पडलो. आज फ्रान्सशी बरोबरी हे वाक्य लिहितानाही हसू येतं.

आणि 1962, जकार्ताची आशियाई स्पर्धा. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं मत त्यावर उभं आहे.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 हरवलं. कोरिया म्हणजे तेव्हाचा आशियाई विजेता, 1956 आणि 1960 चे दोन्ही आशिया चषक त्यांचेच. पुढचा सामना थायलंडशी, 4-1 जिंकलो, पण त्यात जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे स्टॉपर, बचावाचा मधला खांब. जपानविरुद्ध त्याला बसवलं, तरी 2-0 जिंकलो. उपांत्य फेरीला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी काय करावं? टाके घातलेल्या डोक्याचा हा बचावपटू त्यांनी थेट सेंटर फॉरवर्डला उभा केला. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध 3-2, दोन गोल चुनींचे, एक जर्नेलचा.

अंतिम सामना 4 सप्टेंबरला, पुन्हा कोरिया. मैदानात लाखभर माणूस, आणि सगळा आपल्याविरुद्ध. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी उघड बोलले होते, त्याचा राग खेळाडूंवर निघत होता. रहीमसाहेब कर्करोगाने आजारी होते, पुढच्या वर्षी गेलेच. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल झाले. पहिला पी. केंचा, दुसरा जर्नेलचा. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला. 2-1. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर आपल्याला आशियाई सुवर्ण मिळालेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका स्पर्धेवरून माणूस सर्वात मोठा ठरतो का? आठच संघ होते, इराण आणि इस्रायल नव्हते. बरोबर आहे, आमच्या टेबलावरचा एक आयटीवाला पोरगा हेच म्हणतो, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. पण जर्नेल म्हणजे फक्त 1962 नव्हे. रोममध्ये हंगेरी-फ्रान्ससमोर तोच स्टॉपर होता. 1964 ला आशिया चषकात भारत दुसरा आला, तेव्हाही तो होता. नंतर तो भारताचा कर्णधार झाला, आशियाई ऑल स्टार्स संघाचाही झाला. म्हणजे शेजारच्या देशांनाही तो पहिल्या रांगेतला वाटत होता. लायलपूरकडचा, फाळणीत इकडे आलेला मुलगा, होशियारपूरच्या माहिलपूर कॉलेजातून कोलकात्याला गेला आणि मोहन बागानचा झाला.

काकांनी त्याला कूपरेजवर बघितलंय. त्यांच्या आठवणीत गोल नाहीत. त्यांना आठवतं ते एवढंच की समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन आला की जर्नेलकडे जायचंच टाळायचा, बाजूने काढायला बघायचा. बचावपटूचं मोठेपण असंच असतं, जे घडलं नाही ते मोजायचं. ते आकड्यांत कुठून येणार? म्हणून या वादात नेहमी फॉरवर्ड जिंकतात.

तुमच्या प्रश्नातले जुने लोक ज्यांची नावं घेतात त्या त्रिकुटाबद्दल थोडक्यात. पी. के. उजवीकडून, वेग आणि फटका. जवळजवळ सगळी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, मोठ्या क्लबात गेलेच नाहीत. चुनी म्हणजे पायातली जादू, 1962 चे कर्णधार, सत्ताविशीच्या आसपास आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडून बंगालकडून रणजी खेळायला मोकळे. 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचा कर्णधार हाच माणूस होता, समोर आपली मुंबई. एकाच आयुष्यात हे दोन्ही कसं जमतं कोण जाणे. आणि तिसरा सिकंदराबादचा तुलसीदास बलराम. मला विचाराल तर तिघांत सगळ्यात हुशार तोच. जागा निर्माण करणारा, दुसऱ्याला गोल करून देणारा, वर रोममध्ये हंगेरी आणि पेरूविरुद्ध स्वतः गोल केलेला. आजारपणाने ऐन उमेदीत बूट काढावे लागले. पी. के. आणि चुनींना पद्मश्री मिळाली, बलराम 2023 ला तिच्याविना गेला. तिघांत एक निवडायचा तर मी बलराम निवडतो, पण तिथे भावनेचा भाग आहे हे उघड आहे.

तिघांना जर्नेलच्या खाली का ठेवलं? ते तिघं एकमेकांना धरून मोठे होते, एकाला बंद केलं तर दुसरा मोकळा सुटायचा. मागे मात्र एकटा जर्नेल, आणि पुढे माणूस कमी पडला तेव्हा पुढेही तोच.

भुतिया-विजयनच्या चाहत्यांनो, रागावू नका. थ्रिसूरच्या मैदानावर सोडा विकणारा विजयन हा मी प्रत्यक्ष पाहिलेला सगळ्यात देखणा भारतीय फुटबॉलपटू. भुतियाने 1999 ला इंग्लंडच्या ‘बरी’ (Bury) नावाच्या क्लबात जाऊन दाखवलं, 2007 आणि 2009 चा नेहरू चषक कर्णधार म्हणून उचलला. पण दोघांच्या काळात भारत आशियात नेमका कुठे होता हे आठवलं की पहिल्या तिघांत घालायला हात धजत नाही.

छेत्रीला दुसरा ठेवलाय तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. जर्नेलच्या मागे रहीमसारखा डोकेबाज माणूस होता आणि आजूबाजूला आशियातले उत्तम खेळाडू. छेत्रीच्या आजूबाजूला बरेचदा कोणीच नव्हतं. 1962 च्या संघात डावीकडे छेत्री असता तर? काका म्हणतात, राखीव खेळाडूंत बसला असता. मी म्हणतो, खेळला असता, आणि बलरामच्या पासवर गोलही केले असते.

माझा संघ विचारलात तर गोलमध्ये थंगराज, बचावात जर्नेल, अरुण घोष आणि मन्ना, पुढे पी. के., चुनी, बलराम, छेत्री. मधल्या फळीवरून आमच्याकडे अजून भांडणं चालू आहेत, कोल्हापूरकर तिथे नईमुद्दीनला घुसवायला बघतोय. तो बचावपटू होता, 1970 च्या आशियाई स्पर्धेतल्या ब्राँझवाल्या संघाचा कर्णधार, पण ऐकतो कोण. तुमच्याकडे मधल्या फळीसाठी कोणी असेल तर खाली लिहा, फक्त ज्याला खेळताना बघितलंय किंवा ज्याच्याबद्दल नीट वाचलंय असाच सांगा.