कैरोतला कहर

भुसावळहून स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आलाय: आफ्रिका खंडातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या शहरांच्या यादीत 'काहिरा' लिहायचं की 'कैरो'? त्याच्या नोट्समध्ये दोन्ही नावं आहेत, पहिल्या क्रमांकावर एक आणि चौथ्यावर दुसरं.

शहर एकच आहे, भाऊ. हिंदी पुस्तकावरून अर्धी यादी उतरवली आणि इंग्रजीवरून अर्धी, की असं होतं. वर खुलासा करणारेही भेटतात. 'काहिरा ही जुनी राजधानी, कैरो ही नवी,' असं एका क्लासच्या सरांनी माझ्यासमोर छातीठोकपणे सांगितलं होतं. इजिप्तने कैरोच्या पूर्वेला नवी प्रशासकीय राजधानी बांधायला घेतलीय, ती वेगळी. सरांनी कुठली तरी बातमी अर्धवट वाचलेली असणार.

मूळ अरबी नाव अल-काहिरा. इटालियन लोकांच्या तोंडी त्याचं 'काइरो' झालं, तिथून ते इंग्रजीत आलं आणि आपण त्याला कैरो म्हणू लागलो. हे कुठल्याही शब्दकोशात सापडेल. मला सांगायचंय ते पुढचं.

काहिरा हा शब्द क-ह-र या धातूचा. म्हणजे आपला 'कहर'! वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या की रावेर-यावलकडे जो कहर होतो, तोच. अरबीत कहर म्हणजे जोर करून दुसऱ्याला नमवणं. फारसीत गेल्यावर त्याचा राग झाला, आणि पुढे चक्क रुसवा, अबोला. मराठीत आला तो थेट आभाळातून कोसळायलाच. आणि आता कॉलेजातली पोरं चांगल्या शेवभाजीलाही 'कहर' म्हणतात. मला ते आवडत नाही, पण शब्दाने एवढा प्रवास केल्यावर त्याला शेवटच्या स्टेशनावर अडवणारा मी कोण? तर धातू तोच. नमवणारा तो काहिर, नमवणारी ती काहिरा. अरबीत शहर स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'आ'.

आता गोष्ट येते ती मंगळाची. उत्तर आफ्रिकेत राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याच्या खलिफाचा सेनापती जौहर याने 969 मध्ये हे शहर वसवलं. (जौहर म्हणजे रत्न. त्याचं अनेकवचन जवाहीर, त्यावरून आपला जवाहिऱ्या. जळगावच्या सराफ बाजारात उभं राहून हे सांगायला मजा येते. राजपुतांचा जौहर मात्र वेगळा बरं का.) ज्योतिषी मुहूर्त बघत बसले होते. हद्दीभोवती दोऱ्या बांधून त्यांना घंटा लावल्या होत्या. मुहूर्त आला की ज्योतिष्यांनी दोरी हलवायची आणि घंटा वाजताच मजुरांनी पाया खणायला घ्यायचा. तेवढ्यात एक कावळा दोरीवर बसला, घंटा वाजल्या, कुदळी पडल्या. त्या क्षणी नेमका मंगळ उदयाला येत होता. ज्योतिषी मंगळाला अल-काहिर म्हणत, म्हणून शहर झालं काहिरा.

आमच्या अमळनेरला मंगळ ग्रहाचं मंदिर आहे, मंगळवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे ही गोष्ट खरी असती तर खानदेशात सर्वात जास्त आनंद मला झाला असता. पण ती खरी नाही. जे विद्वान ती अजूनही इतिहास म्हणून सांगतात, त्यांनी निदान सनावळी तरी बघावी. कावळ्याची हीच गोष्ट अरब इतिहासकार मसूदीने इजिप्तच्याच अलेक्झांड्रिया शहराबद्दल लिहून ठेवली आहे, आणि मसूदी वारला 956 मध्ये. म्हणजे कैरोचा पाया खणायच्या आधीच कावळा दोरीवर बसून गेला होता!

शिवाय मंगळाची गरजच काय? शहराचं पहिलं नाव होतं अल-मन्सूरिया. मन्सूर म्हणजे ज्याला विजय लाभला तो. खलिफाच्या वडिलांचं बिरुद अल-मन्सूर, आणि ट्युनिसियात त्यांनी वसवलेल्या राजधानीचं नावही तेच. 973 मध्ये खलिफा मुइझ स्वतः इजिप्तमध्ये आला आणि नाव बदलून काहिरा झालं. विजयाचं एक नाव गेलं, दुसरं आलं. बापाचा विजय पुसून स्वतःचा लिहिला, एवढंच. राज्यकर्त्यांना यासाठी ग्रह लागत नाहीत. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि मुलाच्या, दानियालच्या, नावावरून खानदेशाचं दानदेश केलं, तेव्हा कुठला तारा उगवला होता?

म्हणून माझं म्हणणं असं की काहिऱ्याचं मराठी भाषांतर करायचं तर ते 'फत्तेपूर' असं करावं. जामनेर तालुक्यात आहे ना, तेच नाव. फत्ते म्हणजे विजय, तोही अरबीच. हे मी एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, फत्तेपूरची एसटी वेळेवर येत नाही, तुम्ही कैरोचं काय घेऊन बसलात. असो. व्युत्पत्तीला एसटी लागत नाही.

खुद्द तिथली माणसं शहराला बोलताना 'मस्र' म्हणतात, जे त्यांच्या देशाचंही नाव. आपण त्याला मिसर म्हणतो. 'तिथे संमिश्र लोक राहतात म्हणून मिश्र, त्याचं मिसर,' असं सांगणारे आपल्याकडे आहेत. त्यांना नमस्कार. हिब्रूत हा देश मित्स्रायिम आहे, तो काय संस्कृत शिकून?

हां, प्रश्न. पेपर मराठीतून असेल तर कैरो लिही, काहिरा हिंदीवाल्यांना राहू दे. क्रम मात्र पाठ करून उपयोग नाही. उपनगरं धरली तर कैरोची वस्ती 2 कोटींच्या वर जाते. लागोस आणि किन्शासा त्याच्याशी झुंजतात, आणि हद्द कुठे आखली यावर कोण पुढे ते ठरतं. किन्शासा 1966 पर्यंत लिओपोल्डव्हिल होतं. लागोस हे पोर्तुगीजांनी दिलेलं नाव, अर्थ तळी. तिथले योरुबा लोक त्याच शहराला 'एको' म्हणतात. तेव्हा यादीत लागोस एकदा आणि एको एकदा, असं करू नकोस म्हणजे झालं.