वेळ घड्याळाची, क्रम आपला

खानापूरहून रोज बेळगावला येऊन तू लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) शिकतोयस, मला फार कौतुक वाटतं. तुझा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, वाचला. प्रत्येक नोंदीला वेगळा आणि चढता आकडा हवा असेल, तर नोंदींना भिंतीवरची वेळ (तारीख-वेळेचं रोजचं घड्याळ) लावू नकोस रे. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) दुरुस्त केली की ती मागेही सरकते. लिनक्सचं मोनोटॉनिक घड्याळ घे. ते मागे जात नाही, पण प्रोसेसरच्या दोन कोअरनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांना तोच आकडा मिळू शकतो. बहुतेक जण इथेच फसतात.

म्हणून शेवटचा दिलेला आकडा ६४ बिटांच्या, अर्धवट वाचला-लिहिला न जाणाऱ्या अशा अ‍ॅटॉमिक चलात ठेव. नवी वेळ त्याहून मोठी असेल तर ती घे, नाहीतर जुन्यात १ मिळव, आणि कंपेअर-एक्स्चेंजने (चल अजून जुनाच असेल तरच लिहिणारी सूचना) लिही. मध्येच दुसऱ्या कोअरने चल बदलला तर नव्याने वाचून पुन्हा प्रयत्न कर.

खडेबाजारातल्या गर्दीच्या दुकानात एकच माणूस टोकन देतो, तसं हे: क्रम चोख, पण सगळे त्याच्याचकडे धावतात. कोअर वाढले की तो चल असलेली कॅशलाइन (कोअरजवळच्या वेगवान मेमरीचा तुकडा) इकडून तिकडे फिरत राहते. नुसतं वेगळेपण हवं असेल तर प्रत्येक कोअरचा शेवटचा आकडा वेगळ्या चलात ठेव आणि खालच्या बिटांत कोअरचा नंबर घाल. मात्र मग एकूण क्रमाची खात्री उरत नाही.

रीबूटनंतर मोनोटॉनिक नव्याने सुरू होतं. डिस्कवर लिहिणार असशील तर सोबत बूट आयडी (दर बूटला बदलणारी ओळख) हवाच.