टेप गावातच ठेव

नाशिक

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव मंजूर झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या झऱ्यांचा तीन वर्षं अभ्यास करायचा, विषय अगदी योग्य निवडलास. तू विचारलंयस, पहिल्या भेटीला न्यायची प्रश्नावली कशी वाटली. वाचली. चौसष्ट प्रश्न आहेत आणि एकही वायफळ नाही. तरी माझं सांगणं असं की पहिल्या भेटीला ती नेऊच नकोस. का, ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

मी पीएच.डी. करत होते तेव्हा सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावात चौदा विहिरी निवडल्या होत्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते त्याच चार महिन्यांत मीही जायचे. विहीर मोजायची तर दर वेळी एकाच जागेवरून मोजायचा टेप सोडावा लागतो, नाहीतर मागचा आकडा आणि आताचा आकडा यांचा मेळ बसत नाही. म्हणून प्रत्येक कठड्यावर तांबड्या ऑइलपेंटनं मी एक बाण काढला होता. दोन वर्षं मोजलं, आलेख काढले, प्रबंध इंग्रजीत लिहिला, बांधून ग्रंथालयात दिला. पदवी मिळाली. गावात परत गेले नाही.

नऊ वर्षांनी एका लग्नासाठी त्या बाजूला गेले आणि वाकडी वाट करून गावात डोकावले. ज्या विहिरीवरून मी मोजणी सुरू करायचे तिच्या कठड्यावरचा बाण ताजा होता. उन्हापावसानं उडायला हवा होता, पण काल काढल्यासारखा तांबडाभडक. मालक होते ते बाबा, तेव्हाच सत्तरीकडे झुकलेले. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेल्या रंगानं ते तो बाण पुन्हा ओढून घेत. ‘बाई परत आल्या तं खूण सापडली पाहिजे,’ म्हणाले.

चहा झाला. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की दोन वर्षांमागे तीन एकर उन्हाळ कांदा लावला होता, शेवटच्या दोन पाण्यांना विहिरीनं दगा दिला आणि कांदा पोसलाच नाही. हे ऐकताना मला माझ्या प्रबंधातलं एक पान डोळ्यांसमोर दिसत होतं. त्याच विहिरीचा आलेख होता तो. वर आठ मीटर मुरूम, खाली घट्ट काळा कातळ. पाणी सगळं मुरमात. ऑक्टोबरची पातळी पाहिली की संक्रांतीनंतर ती किती झपाट्यानं उतरणार याचा अंदाज बांधता येत होता, आणि यावर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. कांदा लावायच्या आधी तो परिच्छेद बाबांच्या कानावर गेला असता तर त्यांनी तीनऐवजी एकच एकर लावला असता. त्यांनी नऊ वर्षं माझी खूण जपली होती. त्या खुणेवरून वाचायचं काय, हे मात्र मी त्यांना शिकवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या कामाची पद्धत बदलली. तुला जे काही सांगतेय ते तिथूनच आलेलं आहे.

तर, मोजायचं काम गावातल्या माणसाच्या हातात दे, पहिल्या दिवसापासून. शेवटच्या वर्षी ‘हस्तांतर’ करू असं ठरवलंस तर ते कधीच होत नाही, कारण तेव्हा तुला प्रबंध लिहायची घाई असते. झऱ्याची धार मोजायला लागतं तरी काय? खुणेची बादली आणि सेकंद दाखवणारा मोबाइल. बादली भरायला किती वेळ लागला, एवढंच. पाड्यावरची आठवी-नववीतली मुलगी हे तुझ्याइतकंच चोख करते आणि ती दर आठवड्याला करू शकते. तू महिन्यातून एकदा जाणार. आकड्यांच्या दृष्टीनंही तिची वही तुझ्या वहीपेक्षा दाट असेल. वही मात्र दोन प्रतींत ठेवा आणि मूळ प्रत पाड्यावर राहू दे, झेरॉक्स तुझ्याकडे.

आणि मापं त्यांची वापर. विहिरीचं पाणी गावात अजून परसात सांगतात. हात उंच केलेल्या माणसाएवढं म्हणजे एक परस. ‘दोन परस पाणी आहे’ म्हटलं की म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांना चित्र दिसतं. मीटरांत सांगितलंस की माना डोलतात आणि विषय तिथेच संपतो. तुझ्या वहीत मीटर असू देत, पण फळ्यावर परस लिही.

आता झऱ्यांबद्दल. इथे तुझं शिक्षण आणि पाड्याचं ज्ञान एकमेकांना कसं लागतं ते बघ. आपल्याकडचा बेसॉल्ट म्हणजे जवळजवळ आडव्या थरांची उतरंड. पावसाचं पाणी झिजलेल्या, भेगाळ थरातून खाली मुरतं, घट्ट कातळ किंवा गेरूसारखा तांबडा थर आडवा आला की पुढे जाता येत नाही, मग ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. म्हणून झरे बहुधा एका उंचीवर ओळीनं सापडतात. हे तुला नकाशावर दिसतं, पाड्याला दिसत नाही. पण कोणता झरा होळीपर्यंत टिकतो आणि कोणता दिवाळीतच मान टाकतो, कोणता कधी आटला, वर कुठली झाडी तोडली किंवा रस्त्यासाठी कुठे सुरुंग लावले त्यानंतर आटला, हे तुला कुठल्याच नकाशावर सापडणार नाही. ते पाणी भरणाऱ्या बायकांना ठाऊक आहे. झऱ्याच्या वाटेवर त्यांच्यासोबत हंडा घेऊन चाल. घरात बसून विचारशील तर घरातले पुरुष उत्तरं देतील, आणि पाणी त्यांनी भरलेलं नसतं.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्याबद्दल बाहेरच्या माणसाला पटतच नाही. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, सिन्नर-येवल्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तरी उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या बाया तुला घाटमाथ्याकडच्या पाड्यांवर दिसतात. उतार तीव्र, माती पातळ, पाणी आलं तसं पळालं. मग कुणीतरी योजना आणतं, पाणी मुरवायला उताराला आडवे, एका पातळीत सलग समतल चर खणले जातात, फोटो निघतात, आणि झऱ्याला काही फरक पडत नाही. कारण चर ज्या उतारावर खणले त्या उतारावरचं पाणी त्या झऱ्यात येतच नसतं! झऱ्याला पाणी पाजणारं पठार कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असतं, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर. तुझ्या अभ्यासाचा खरा उपयोग इथे आहे. पण एकदा तू ते पठार दाखवलंस की काम दोन गावांचं होतं. वरच्या गावानं चराई आवरायची आणि पाणी खालच्या गावाला मिळायचं, हे वरच्यांनी का ऐकावं? त्याचं उत्तर भूशास्त्रात नाही. दोन्ही गावं एका चटईवर बसवावी लागतात, आणि तू तिथे फक्त नकाशा उलगडून दाखवायचास.

असं काही जमतं का, अशी शंका आली तर ओझरला जा. लांब नाही, बसनं अर्ध्या-पाऊण तासात पोचशील. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचं पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, १९९०च्या सुमारास टेलकडेच पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुण्याच्या सोपेकॉम या पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेतले अभ्यासक त्यांच्या सोबत होते. पाणी घनमापनानं घ्यायचं ठरलं, म्हणजे पिकाच्या एकरांवर पट्टी नाही, घेतलेल्या पाण्यावर. त्यासाठी चारीच्या तोंडाशी बसवलेली मोजपट्टी शेतकऱ्याला वाचता यायला हवी. ते वाचायला शिकले. कालव्याचं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून आजूबाजूच्या विहिरी भरून घेतल्या. पुढे एकेक करत २४ संस्था झाल्या आणि २००३च्या सुमारास अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा आला तो २००५ साली, त्यानंतर. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पट्टी वाचायला येणाऱ्या शेतकऱ्याला अधिकाऱ्यासमोर आवाज चढवावा लागत नाही. तो आकडा सांगतो.

वेळेचंही भान ठेव. जुलैत भाताची आणि नागलीची आवणी चालू असते, तेव्हा कुणाला बैठकीला बोलावणं म्हणजे छळ. दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊ लागतात, माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. फेब्रुवारीत सर्वेक्षण केलंस तर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच भेटतील, आणि तू लिहिशील की ‘पाड्यावर पाण्याची गरज कमी आहे’. ही चूक छापलेल्या अहवालांत मी पाहिली आहे. जिचा अख्खा दिवस तुझ्या कामात जाणार तिला त्या दिवसाची मजुरी दे, अनुदानात ती रक्कम आत्ताच धर. ‘त्यांच्याच भल्यासाठी आहे’ असं म्हणून फुकट राबवू नकोस. प्रवासभत्ता तू घेतेसच ना?

परवानगीसाठी सरपंचांची सही पुरेशी समजू नकोस. हा भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागांत ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. राज्याच्या २०१४च्या नियमांनी पाड्यालाही आपली ग्रामसभा भरवता येते. तिथे उभी राहा. काय मोजणार, किती दिवस, कशासाठी, तुला यातून काय मिळणार हे सांग. हो, पदवी मिळणार हेही सांग. लोकांना ते कळतंच, लपवलं की विश्वास उडतो. एखादा पाडा ‘नको’ म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या पाड्याला जा.

एक गोष्ट मात्र कुणी तुला सांगणार नाही म्हणून सांगते. कळलेलं सगळं छापायचं नसतं. अंजनेरीच्या डोंगरावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाच्या कुळातली वनस्पती आहे, अतिशय दुर्मीळ. अशा झाडाची नेमकी जागा तू नकाशासह प्रसिद्ध केलीस तर पुढच्या पावसाळ्यात तिथे खणलेले खड्डे दिसतील. वैदूला माहीत असलेल्या मुळीचंही तसंच. २००२च्या जैवविविधता कायद्यानं गावागावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तिचा वर्षानुवर्षं आग्रह धरला. नोंदवही असेल तिथे ती मागून वाच, नसेल तर तुझ्या नोंदी तिच्यासाठी दे. पण काय उघड करायचं हे गाव ठरवेल.

आणि गावाकडून फक्त माहिती येते असं धरून चालू नकोस, पुष्कळदा निर्णयही तिथेच होतो. हरसूलकडचं खोरीपाडा बघून ये. गिधाडं का संपली याचं कारण प्रयोगशाळेनं शोधलं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण बंदीनं गिधाड जेवत नाही. खोरीपाड्याला वनखातं आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी जागा केली, मेलेलं जनावर पुरून टाकण्याऐवजी तिथे आणून ठेवायचं. आपल्या गोठ्यातला बैल मेला की कुणाला कळवायचं, त्याला शेवटचं इंजेक्शन कुठलं दिलं होतं, हे घरचा माणूस सांगेल तेव्हाच ते शक्य होतं.

बाबा आता नाहीत. त्यांची नात ती विहीर मोजते, अकरा वर्षं झाली. दर ऑक्टोबरला ती आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर परसात लिहिते, आणि कांदा किती लावायचा याची चर्चा त्या फळ्यासमोर होते. कधी ऐकतात, कधी भावाच्या आशेनं नाही ऐकत.

मेअखेरच्या मोजणीला मी तिकडे जाणार आहे. तूही ये, सकाळी साडेसहाला सीबीएस बसस्थानकावर भेट. पाण्याची बाटली आणि टोपी घे. प्रश्नावली घरी ठेव. माझा जुना टेप तुला देणार आहे, पहिल्या दोन मीटरांवरचे आकडे पुसट झालेत, ते आधी नव्यानं लिहून घ्यावे लागतील. तुझ्या पहिल्या पाड्यावर तो कुणाला द्यायचा ते ठरलं की मला कळव.

तुझी,
बाई