कागदी निशाणासाठी हजार डॉलरमध्ये कोणती बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड हातात आलंय, शिकारीत रस नाही, रेंजवर 50 आणि 100 यार्डांवर कागदावर अचूक नेम साधायचाय. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची, दुर्बिणीसकट हजार डॉलरमध्ये बसवायचीय आणि दुकानदार 6.5 क्रीडमूर या मोठ्या काडतुसाची स्वस्त रायफल पुढे करतोय.

ती घेऊ नका. .22 एलआर, म्हणजे छोट्या .22 काडतुसाची, घ्या. मला एकच नाव विचाराल तर सीझेड 457, जाड नळीची वार्मिंट आवृत्ती.

क्रीडमूर वाईट आहे म्हणून नव्हे. रायफल स्वस्तात मिळते, पण तिची चांगली गोळी डॉलरच्या वर जाते. महिन्याला दोनशे गोळ्या झाडायच्या म्हटल्या तर दोन-तीन महिन्यांत रायफलीची किंमत धूर होऊन जाते. मग माणूस वीस गोळ्या झाडून घरी येतो आणि वर्षभरानंतरही होता तिथेच असतो. .22 ची साधी चांगली गोळी साधारण दहा सेंटच्या आसपास, मॅच दर्जाची सुरुवातीची पंधरा-वीस सेंट. शिवाय धक्का नगण्य, त्यामुळे चाप ओढताना तुम्ही दचकताय का हे लगेच कळतं. मोठ्या काडतुसात ती चूक धक्क्याआड लपते.

आणि .22 म्हणजे पोरांचं खेळणं, हा समज काढून टाका. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, ते याच काडतुसावर. त्या निशाणावरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. आपल्या शर्टाच्या बटणाएवढं.

आता रायफली. सॅव्हेज मार्क टू एफव्ही सगळ्यात स्वस्त, तीनशे डॉलरच्या आसपास. नळी जाड, अ‍ॅक्युट्रिगर (सॅव्हेजचा चाप) घरच्या घरी हलका करता येतो. दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते तो खांद्यापर्यंतचा भाग, मात्र पोकळ प्लास्टिकचा. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांवर) जोर दिला की पुढचा भाग वाकून नळीला टेकू शकतो आणि गोळ्या एका बाजूला सरकतात. रुगर अमेरिकन रिमफायरला त्यांच्याच 10/22 या दुसऱ्या .22 रायफलीची मॅगझिन चालतात, ही सोय खरी, पण निव्वळ निशाणासाठी मी ती निवडणार नाही. टिक्का टी1एक्स फिनलंडची. बोल्ट लोण्यासारखा सरकतो, आणि पुढे दस्ता बदलायचा झाला तर टिक्काच्याच मोठ्या टी3एक्सचे दस्ते बसतात. सीझेड 457 आणि हिच्यात खरं तर आवडीनिवडीचाच फरक. दोन्ही साडेपाचशे-सहाशेच्या घरात. दुकानागणिक भाव हलतो. सीझेडकडे माझा कल दोन कारणांनी: बोल्ट फक्त 60 अंशांत उघडतो, त्यामुळे मूठ दुर्बिणीला अडत नाही, आणि नळी दोन स्क्रूंवर बसते, म्हणजे पुढे मॅच चेंबरची, म्हणजे काडतूस बसायची जागा घट्ट कातलेली, नळी घ्यावीशी वाटली तर बंदूक-मिस्त्रीकडे जावं लागत नाही.

सीझेडचीच जुनी 452 किंवा 455 चांगल्या स्थितीत मिळाली तर बिनधास्त घ्या, पण दोन जागा विजेरी लावून पाहा. एक, नळीचं तोंड. तिथे ओरखडा किंवा टवका असेल तर गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि ती डगमगते. दुसरी, चेंबरची कड. रिकाम्या रायफलीचा चाप कोणी वर्षानुवर्षं ओढत बसलं असेल तर फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणाऱ्या सुईचा) ठसा तिथे उमटलेला असू शकतो. मग पुंगळी अडकते.

पैशांची वाटणी अशी करा: रायफल 550, दुर्बीण 200, दुर्बीण बसवायच्या रिंगा 40, पुढची-मागची वाळूची पिशवी मिळून 50, आणि उरलेले सगळे गोळ्यांना. गोळ्यांच्या वाट्याला हात लावून महागडी दुर्बीण घेणं ही नव्या लोकांची नेहमीची चूक.

दुर्बीण घेताना एक गोष्ट नक्की पाहा: पॅरॅलॅक्स. मोठ्या काडतुसांच्या साध्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांवर बांधलेल्या असतात. 50 वर त्या वापरल्या की डोळा जरासा हलला तरी क्रॉसहेअर निशाणावर सरकतो, आणि दोष रायफलीवर येतो. तपासायला सोपं: रिकामी रायफल पिशवीवर घट्ट ठेवा, हात लावू नका, फक्त डोकं थोडं वर-खाली करा. क्रॉसहेअर सरकला तर पॅरॅलॅक्स चुकलाय. म्हणून पुढे किंवा बाजूला पॅरॅलॅक्सची कडी असलेली घ्या. सीझेडला 11 मिलिमीटर डोव्हटेलच्या (रायफलीवरच कोरलेल्या खाचेच्या) रिंगा लागतात; नेहमीच्या पिकॅटिनी रिंगा थेट बसत नाहीत. हे आधी लक्षात आलं नाही तर पहिला रविवार वाया जातो.

अचूकतेचा मोठा भाग मात्र गोळीत असतो, आणि .22 मध्ये ती गोळी घरी भरता येत नाही. म्हणून ही चाचणी करायचीच. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी, एसके स्टँडर्ड प्लस, एलीचा एखादा स्वस्त प्रकार आणि जमल्यास लापुआ सेंटर-एक्स, प्रत्येकी 50 चा एक डबा. प्रत्येक गोळीवर वेगळं मेण किंवा वंगण असतं. त्यामुळे प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका, नळीला नवं वंगण लागू द्या. मग 50 यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, वारा शांत असताना, म्हणजे सकाळी लवकर. प्रत्येक ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा आणि पाचांची सरासरी काढा. एकही ग्रुप वगळायचा नाही. तीन गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप खिशात घेऊन फिरणारे प्रत्येक रेंजवर भेटतात. तो नशिबाचा असतो. सरासरी अर्ध्या इंचाच्या आसपास आली तर रायफल आणि गोळी दोन्ही ठीक.

जी गोळी जिंकेल तिच्या डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेचा क्रमांक, पाहा आणि त्याच लॉटचे 500 तरी घेऊन ठेवा. नाव तेच, लॉट वेगळा, की ग्रुप बदलू शकतो.

‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेल्या गोळ्या टाळा. स्टँडर्ड गोळी सेकंदाला सुमारे 1070 फुटांनी निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच. वेगवान गोळी त्याच्या वर निघते आणि वाटेत खाली उतरते. आवाजाचा वेग असा ओलांडताना तिला जास्त विरोध होतो. गंमत अशी, की त्यामुळे आडव्या वाऱ्यात ती हळू गोळीपेक्षा जास्त वाहते. ‘वेगवान म्हणजे सरळ’ हे इथे उलटं आहे.

दुर्बीण 50 ला शून्य करा, म्हणजे क्रॉसहेअर आणि गोळीचं छिद्र तिथे जुळवा. 100 यार्डांवर गोळी साधारण सहा-सात इंच खाली लागेल, म्हणजे पाव एमओएच्या (एका क्लिकला 100 यार्डांवर सुमारे पाव इंच सरकणाऱ्या) दुर्बिणीवर 25 च्या आसपास क्लिक वर. तिथे ग्रुप उभट दिसला तर घाबरू नका: एका डब्यातल्या गोळ्यांच्या वेगात 40 फुटांचा फरक असला तरी 100 यार्डांवर इंचभर वर-खाली होतं. 50 वर तोच फरक जेमतेम जाणवतो. ग्रुप आडवा पसरला तर वारा, किंवा चाप ओढणारं बोट.

ग्रुप एकाएकी दोन ठिकाणी पडू लागला तर आधी दस्त्याचे स्क्रू तपासा, मग रिंगांचे, आणि सीझेडमध्ये नळीचेही. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना घ्या. रिंगांच्या टोप्यांना बहुतेक 15 ते 18 इंच-पाउंड पुरतात. दस्त्याच्या स्क्रूंसाठी रायफलीसोबतच्या पुस्तिकेतला आकडा वापरा, अंदाज नको. नळी आणि दस्ता यांच्यामधून एक डॉलरची नोट पुढून मागे सरकवून पाहा. अडली तर तिथे टेकतंय, दस्ता आतून सँडपेपरने थोडा घासून घ्या.

ट्रिगर हलका केलात तर गोळी न भरता बोल्ट पाच-सहा वेळा जोरात बंद करा आणि दस्ता रबरी चटईवर आपटा. पिन आपोआप सुटली तर ट्रिगर फार हलका झालाय, परत जड करा.

साफसफाईचा अतिरेक नको. नळी सतत घासली की वंगणाचा थर जातो आणि ग्रुप बसायला पुन्हा दहा-पंधरा गोळ्या जातात. चेंबरच्या पुढच्या टोकाला मात्र काजळीचं कडक कडं जमतं, ते दर काही शे गोळ्यांनी काढायचं. अखंड गज वापरा आणि तो बोल्टच्या बाजूने घाला, तोंडाकडून नाही.

कायद्याचं एक, कारण आपल्या लोकांत यावर गैरसमज आहेत. ग्रीन कार्डवर दुकानातून रायफल घेता येते: फॉर्म 4473 हा खरेदीचा संघीय फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते. टेक्सासमध्ये वेगळा परवाना लागत नाही. इलिनॉय किंवा न्यू जर्सीत आधी राज्याचं कार्ड काढावं लागतं. पण एच-1बीवर असलेल्या मित्राला रेंजवर ‘घे, दोन झाडून बघ’ म्हणू नका. संघीय कायद्यात त्या व्हिसावर नुसतं हातात घेणंही ताबा ठरू शकतं. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला ठळक अपवाद, आणि तो झाडायच्या आधीच त्याच्या खिशात असायला हवा.